तीन-सीमध्ये कोण राहतं?

सेंट लुइसमध्ये हॅलोवीनच्या संध्याकाळी कुठल्याही पोराला फुकट चॉकलेट मिळत नाही. इतर गावांत सोंगं घेतलेली पोरं दारोदार पिशवी पुढे करतात, खाऊ पडला की चालू लागतात. इथं तसं चालत नाही. इथं पोरानं आधी विनोद सांगायचा, तोही कोड्यासारखा, प्रश्न विचारून. आणि मोठ्या माणसानं, उत्तर तोंडपाठ असलं तरी, डोळे मोठ्ठे करून म्हणायचं, "नाही बुवा माहीत! तूच सांग." मग पोर उत्तर फोडणार, मोठं माणूस पोट धरून हसणार, आणि मगच पिशवीत खाऊ पडणार. लबाडी दोन्हीकडून, पण गोड.

नडीन ब्रांडहोर्स्टला ही लबाडी जमत नसे. चाळीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेली बाई. प्रश्न कानावर पडला की उत्तर तोंडातून सुटायचं, शिंकेसारखं. गेल्या हॅलोवीनला तिनं अकरा पोरांचे विनोद असे शिंकून टाकले. एक पोरगी तर जिन्यातच रडत बसली. समोरच्या तीन-डीमधल्या वांडा किल्गोरनं त्या पोरीचं नाक पुसलं, आणि त्याच हातानं मालकाला तक्रार लिहिली.

मालकाचं उत्तर तीन ओळींचं होतं. आणखी एक तक्रार आली, तर डिसेंबरात भाडेकरार वाढवून मिळणार नाही. नडीन तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत एकतीस वर्षं राहत होती. बहात्तराव्या वर्षी दुसरीकडे जायला तिला ना जागा होती ना माणूस.

दार बंद ठेवावं, तर वांडा त्याचीही तक्रार करणार. म्हणून यंदा तळमजल्यावर खाऊ देणाऱ्या घरांची यादी लागली तेव्हा तिनं सगळ्यांत आधी आपल्या घराचा नंबर लिहिला, तीन-सी. या इमारतीत ज्याच्या दारावर कागदी भोपळा, त्याच्याच दारी पोरं जाणार, असा नियम. तिनं भोपळा लावला, कॅरमेलच्या गोळ्यांनी परात भरली आणि आरशासमोर उभी राहून "नाही बुवा माहीत" वीस वेळा घोकलं.

साडेपाचला वांडानं आपल्या दाराबाहेर घडीची खुर्ची मांडली. गुडघ्यांवर शाल, मांडीवर वही, कानामागं पेन्सिल.

"अहो बाई," ती म्हणाली, "यंदा नुसतं दार उघडायचं हं. तोंड बंद."

"तुझ्या तोंडाला झाकण मिळालं की त्याच दुकानातून माझ्यासाठीही आणते."

वांडानं पेन्सिल काढली. "झाकण. लिहून ठेवते. पोरांसमोरही असंच बोलता का?"

सहा वाजता मॅनेजर कर्टिसनं खालचं मोठं दार उघडलं आणि जिना दणाणला. चेटकिणी आल्या, अंतराळवीर आले, एक चालता पॉपकॉर्नचा डबा आला.

"सांगाड्याला थंडी का वाजते?" पॉपकॉर्ननं विचारलं.

वारा आरपार जातो म्हणून, हे नडीनच्या जिभेच्या टोकावर आलं. तिनं जीभच चावली. "नाही बुवा माहीत!" डोळ्यांत पाणी आलं ते हसून, असं पोराला वाटलं असावं. वांडाची पेन्सिल हवेतच राहिली.

पावणेसातपर्यंत असं चालू होतं. खालच्या दोन-बीमध्ये म्हातारा फ्लॅनरी प्रत्येक पोराचं स्वागत ॲकॉर्डियनवर एक सूर काढून करायचा. तो सूर ऐकला की नडीनला कळायचं, आता एखादं पोर वर येतंय. मग जरा शांतता झाली. गर्दी ओसरली म्हणून तिनं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं.

फ्लॅनरीच्या दारात एकच पोर उभं होतं. सोबत भाऊबहीण नाही, आईबाप नाहीत. अंगावर पांढरी चादर, भुतासारखी. चादरीला इस्त्री केलेली होती, घड्यांच्या कडा ताठ होत्या. डोळ्यांसाठी भोकं मात्र पाडलेली नव्हती. हातात पिशवीही नव्हती.

"दोन-बीमध्ये कोण राहतं?" पोरानं विचारलं.

फ्लॅनरी खूश झाला. "नाही बुवा माहीत! कोण राहतं?"

"कोणी नाही."

फ्लॅनरीचं हसणं सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं. ॲकॉर्डियननं लांबलचक श्वास सोडला. दार लागल्याचा आवाज काही आला नाही.

"वांडा, फ्लॅनरीला काहीतरी झालंय."

"कोणाला?"

"फ्लॅनरीला! दोन-बी. ॲकॉर्डियनवाला."

वांडानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत खोडी नव्हती, आणि तेच वाईट होतं. "दोन-बी तर ईस्टरपासून रिकामं आहे, बाई. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? हेही लिहू का?"

नडीन पुन्हा वाकली. दोन-बीचं दार सताड उघडं होतं. आत बोडक्या फळ्यांची जमीन. ताज्या रंगाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. दारावर भोपळा नव्हता, आणि चिकटपट्टीचा डागही नव्हता.

चादर जिना चढू लागली. पावलांचा आवाज नव्हता. पायऱ्यांवरून कापड घासल्याचा तेवढा येत होता.

ते पोर तिच्यासमोर येऊन थांबलं. त्याला बंद घराचा वास होता. श्वास घेतला की चादर तोंडापाशी आत ओढली जावी, तशी ही जात नव्हती.

"तीन-सीमध्ये कोण राहतं?"

वांडानं वहीचं कोरं पान उघडलं. "बोला की, बाई. पोर वाट बघतंय. काय म्हणायचं असतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. वीस वेळा घोकलेलं होतं. उत्तर दिलं तर डिसेंबरात घर जाणार. न दिलं तर—

तिनं खालच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं.

"मी राहते," नडीन म्हणाली. "नडीन ब्रांडहोर्स्ट. एकतीस वर्षं."

"लिहिलं!" वांडा ओरडली. आनंदानं तिचा आवाज चिरकला. "वेळेसकट लिहिलं!"

"बरोबर," पोर म्हणालं. आणि वळलं.

वांडानं वही खाली ठेवली, शाल सारखी केली, आवाजात साखर घातली. "ये रे राजा. बघितलंस ना, कशी खडूस आहे ती? तुझा विनोद मला सांग."

"तीन-डीमध्ये कोण राहतं?"

नडीनचं तोंड उघडलं. उत्तर आलंच होतं, नेहमीसारखं, शिंकेसारखं. "वां—"

तिनं तोंडावर हात दाबला. जन्मात पहिल्यांदा तिनं एक उत्तर आपणहून आत ठेवलं.

"नाही बुवा माहीत!" वांडानं टाळी वाजवली. "कोण राहतं रे?"

"कोणी नाही."

टाळीचा आवाज जिन्यात थोडा वेळ घुमला. खुर्ची नव्हती. शाल नव्हती. ताज्या रंगाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्टिस किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर आला. नडीनचा नवा करारही त्यानं आणला होता, मालकाची सही झालेला. तक्रार? कसली तक्रार? फाइलीत तर एक चिठोरंही नव्हतं.

"तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या," तो तीन-डीचं कुलूप उघडता उघडता म्हणाला. "या घरात आधी कोण राहायचं हो? मला काही केल्या आठवेना."

नडीननं हातातल्या कराराकडे पाहिलं.

"नाही बुवा माहीत," ती म्हणाली. या वेळी घोकावं लागलं नाही.

संध्याकाळी बरोबर सहाला दारावर टकटक झाली. एक नोव्हेंबर. भोपळा तिनं सकाळीच काढून टाकला होता.

बाहेर इस्त्रीची चादर उभी होती.

"हॅलोवीन काल झालं," नडीन म्हणाली.

"हो. आता आम्ही समोर राहायला आलोय."

समोरचं दार उघडं होतं. आत दिवा नव्हता.

"आमच्या आधी तिथं कोण राहायचं?"

हे तर येत होतं. खुर्ची डोळ्यांसमोर होती. कानामागची पेन्सिल, ती शाल, साखर घातलेला आवाज, सगळं होतं. नडीननं उत्तरासाठी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिनं पुन्हा उघडलं. पहिलं अक्षरसुद्धा नाही.

विनोद सांगणारी पोरं घायकुतीला आलेली असतात. या पोराला घाई नव्हती. ते तसंच वाट बघत उभं होतं, आणि चादरीची कड केव्हाच उंबऱ्याच्या आत आली होती.