ते आजन्म अविवाहित राहिले

ग्रंथपालबाईंचा दरवर्षीचा पहिला तास ठरलेला असे. नव्या संशोधक विद्यार्थ्यांसमोर त्या इंटरनेटवरचा, कुणीही यावं आणि भर घालावी असा मुक्त ज्ञानकोश उघडत, एखाद्या लेखात सगळ्यांदेखत एक धडधडीत खोटं वाक्य घुसवत आणि म्हणत, "झालं ज्ञान! आता खुशाल प्रबंधात उतरवा." तास संपायच्या आत ते वाक्य पुसूनही टाकत. तीस वर्षं संदर्भ विभागात काढलेल्या बाईंना साधा सन चुकलेला दिसला तरी दिवसभर चैन पडत नसे.

यंदा त्यांनी वडिलांवरचाच लेख निवडला. नदीवरचा मोठा पूल वडिलांनी बांधलेला, त्यामुळे ज्ञानकोशात त्यांच्या वाट्याला दहा-बारा ओळी आल्या होत्या. बाईंनी शेवटी लिहिलं, 'ते आजन्म अविवाहित राहिले.'

"मग मी काय आभाळातून पडले?" त्यांनी विचारलं. वर्ग खो खो हसला. पाचच मिनिटांत कुण्या दक्ष संपादकाने वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावली. नेमकं तेव्हाच प्राचार्यांचं बोलावणं आलं आणि वाक्य पुसायचं राहून गेलं.

घरी हे ऐकून वडील पोट धरून हसले. वय नव्वदीला टेकलेलं, पण डोकं लख्ख. "ठमे, तुझी आई असती तर कान उपटले असते तुझे!"

आठवड्याने बाईंना आठवण झाली. पाहतात तर खूण गेलेली, आणि तिच्या जागी संदर्भ दिलेला: पुलाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, पान सतरा.

त्या स्मरणिकेची एकच प्रत उरली होती आणि ती ग्रंथालयात बाईंच्या कुलूपबंद कपाटात होती. तिची सूची त्यांनीच केलेली, आतलं अक्षर न् अक्षर त्यांना पाठ. तरी त्यांनी पान उघडलं. वडिलांच्या परिचयाखाली छापलं होतं, 'अविवाहित राहून त्यांनी पुलालाच संसार मानले.' कसरीने पाडलेलं बारीक भोक त्या पहिल्याच शब्दातून आरपार जाऊन मलपृष्ठापर्यंत पोचलं होतं. कसर लागली तेव्हाही शब्द तिथेच होता.

बाईंनी स्मरणिका मिटली. त्यांनी ज्ञानकोशातलं वाक्य पुसलं. दहा मिनिटांत ते परत आलं. खाली संपादकाचा प्रश्न होता, 'संदर्भ असलेला मजकूर का काढलात?'

'मी त्यांची मुलगी आहे,' बाईंनी लिहिलं.

'ओळख म्हणजे पुरावा नव्हे. छापील दाखवा.'

हे वाक्य बाईंचंच होतं. वर्गात त्या ते याच शब्दांत सांगत आल्या होत्या.

छापील म्हणजे जन्मदाखला. आईबाबांची लग्नपत्रिका. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या तडक घरी गेल्या.

वडिलांनी दार उघडलं. "आलात? या ना."

"बाबा, चेष्टा पुरे," त्या म्हणाल्या आणि आत शिरून कपाटाचे खण उपसायला लागल्या. दाखला नव्हता. पत्रिका नव्हती. पुलाच्या आराखड्यांच्या गुंडाळ्या तेवढ्या होत्या. आईचा फोटो असायचा ती भिंत सलग रंगवलेली, साधा ओरखडाही नाही.

"आपलं काही हरवलंय का?" वडिलांनी अदबीने विचारलं.

बाईंना रडू कोसळलं. आयुष्यात त्यांना एवढं भय कधी वाटलं नव्हतं. वडिलांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"बसा. पुलाबद्दल विचारायला आलात ना?"

बाई बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि पर्समधून वही काढली.

"आपण लग्न का नाही केलंत?"

"ठरत आलं होतं एकदा. पुलाच्या नादात राहून गेलं." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, तेसुद्धा ठरवलं होतं मी. वेडेपणा, दुसरं काय!"

"काय नाव?"

त्यांनी सांगितलं. ते बाईंचंच नाव होतं.

बाई लिहायला लागल्या आणि पहिल्याच अक्षरापाशी थांबल्या.

"यातला उकार," त्यांनी मान वर करून विचारलं, "ऱ्हस्व की दीर्घ?"