राखलेली जागा

डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली, आणि ती पहिल्यांदा घराबाहेर पडली ती लेकीला आणायला. काम तेवढंच. प्रार्थनाघर गल्लीच्या टोकाला, एरवी दूध गॅसवर ठेवून जाऊन यावं इतकं जवळ. पण आजारपणानं पायांतला जोरच काढून घेतला होता. भिंतीला हात लावत, दोन घरं झाली की थांबत, ती निघाली. तोंडावर फडकं, डोक्यावर नुकते कुठे फुटलेले केस.

रक्ताचा आजार होता तिला. इस्पितळात काचेच्या खोलीत एकटीला ठेवलं होतं, आणि लहान मूल जवळ फिरकू द्यायचं नाही, असं बजावलं होतं. कारखाना आणि इस्पितळ, इस्पितळ आणि कारखाना, असं करून नवरा अर्धा झाला. तेव्हा धावून आली ती प्रार्थनाघरातली माणसं. कुणी डबे पोचवले, कुणी औषधांच्या रांगेत उभं राहिलं, आणि शिवणकाम करणाऱ्या मावशीनं पोरीला सरळ आपल्या घरी नेलं. प्रार्थनेला येताना ती पोरीला सोबत आणायची.

त्या माणसांची एक रीत होती. कुणी आजारी पडलं की बाकावरची त्याची जागा मोडायची नाही. त्याचं एखादं वस्त्र घडी करून तिथं ठेवायचं, आणि तो बसलेलाच आहे असं धरून प्रार्थना म्हणायची. तिच्या जागेवर तिची निळी शाल ठेवली होती.

ती बरी होऊन घरी आली. सगळ्यांना आनंद झाला. तिच्या जिवाला मात्र एक घोर लागून राहिला. मावशी पोरीला भेटवायला घेऊन आली, तर पोर मावशीच्या पाठीमागे लपली. "ही नाही," म्हणाली. "आई तिकडे बसते." मावशीनं हसून वेळ मारून नेली. पण आईचं काळीज ते. जीव वाचला आणि लेकच परकी झाली, तर त्या वाचलेल्या जिवाचं करायचं काय?

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. दारात कंडक्टरकाका उभे. बसमधली नोकरी संपून वर्षं झाली, पण बोलणं तेच.

"चला, पुढे सरका. पुढे जागा आहे."

"तिकीट किती, काका?"

"आजाऱ्याला सवलत असते. तू आता धडधाकट झालीस, पूर्ण पडेल." हसता हसता ते तिच्याकडे बघत राहिले. "बरी दिसतेस आज. मागच्या वेळी फार उतरली होतीस गं."

"मागच्या वेळी? काका, मी आजच येतेय..."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असेल, असेल. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही," म्हणत ते बाजूला झाले.

आत माणसं बसत होती. सतरंजी झटकल्याचा, बाक सरकवल्याचा आवाज. खिडकीजवळच्या आपल्या जागेपाशी ती आली आणि थबकली. तिथं इस्पितळाचा वास येत होता. तोच साबण, तेच औषध. तिनं स्वतःची बाही हुंगून पाहिली. तिला नव्हता तो वास.

शाल घडी केलेली नव्हती. मधोमध दबलेली, कडांना चुरगळलेली.

"मावशी, कुणी बसलं होतं का इथं?"

मावशी जवळ आली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मी दर वेळी घडी घालते. प्रार्थना झाली की अशी होते."

"वाऱ्यानं होत असेल..."

"अगं, जन्म गेला माझा कापडात. वाऱ्यानं उडालेलं वेगळं, आणि माणूस बसून उठलेलं वेगळं."

"कधीपासून?"

"तू शुद्धीत नव्हतीस ना... तेव्हापासून." मावशीनं तिचा हात हातात घेतला. "आम्ही भ्यायलो नाही बघ. तुझी पोर रडून रडून निळी व्हायची. त्या जागेला टेकली की शांत. मग कोण कशाला चौकशी करतंय?"

तिनं शाल उचलली. अंगावरून आत्ताच काढल्यासारखी ऊबदार होती. तिनं दाराकडे पाहिलं. पण मागे फिरावं तर लेक पुढ्यात होती. शाल तिनं खांद्यावर घेतली आणि बसली.

प्रार्थना सुरू झाली. पोर मावशीचा पदर धरून एकटक बघत होती. तिच्याकडे नाही. तिच्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे. कुणी समजावून सांगावं आणि लहान मुलानं "हो, हो" म्हणावं, तशी पोरीनं मान हलवली. मग पदर सोडून आली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तूच का?"

"मीच गं, बाळा."

"ती पण म्हणाली, तूच."

आणि पोर मांडीवर चढली. अशक्त मांड्यांना तो भार पेलवेना, तरी तिनं पोरीला खाली उतरवलं नाही. फडकं डोळ्यांतल्या पाण्यानं भिजून गेलं. शेजारचा बाक बारीकसा करकरला, एवढंच.

दिवेलागणीला दोघी घरी निघाल्या. पोरीचा एक हात तिच्या हातात होता. दुसरा हात पोरीनं वर धरला होता, मूठ अर्धवट मिटलेली, मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी. तिनं ते पाहिलं. आणि चाल आणखी सावकाश केली.

कुलूप काढून दोघी आत आल्या. ती दार लावणार, तोच पोर म्हणाली, "थांब ना. तिला येऊ दे."

"कुणाला गं?"

"तुला."

तिचा हात कडीवर गेला. पण काचेच्या त्या खोलीत शुद्ध हरपेपर्यंत आपण काय मागत होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोरीजवळ कुणीतरी असू दे, एवढंच. ती दार धरून उभी राहिली. गल्लीतून थंड हवेची झुळूक आली आणि थांबली.

"आली का?" तिनं हळूच विचारलं.

पोर दाराकडे बघतच नव्हती. आतल्या खोलीतल्या अंधाराकडे बघून ती हसत होती.

"कधीचीच," ती म्हणाली.

तिनं लेकीला जवळ ओढलं आणि दार आतून लावून घेतलं.