राणी कात टाकते तेव्हा

संशोधन संस्थेच्या जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली. तिच्या हातातली कॉफी त्याच्या शर्टावर सांडली. पण त्याने आधी आपला भोकं पाडलेला डबा उघडून पाहिला.

"लागलं नाही ना?"

"नाही, मी ठीक आहे."

"तुम्हाला नाही… हिला विचारलं."

डब्यात तळहाताएवढी, केसाळ टॅरँटुला जातीची कोळीण होती. तिचं नाव राणी.

कॉफी सांडणारी मुलगी संशोधक. याच जातीच्या कोळ्याच्या विषातला एक इवलासा रेणू वापरून ती मज्जापेशींवरची सूक्ष्म दारं अभ्यासायची. दार उघडलं की वेदनेचा निरोप पुढे जातो. कोणतं दार कोणत्या वेदनेचं, हे तो रेणू दार बंद करून दाखवतो. पण विष तिला नेहमी बाटलीतून मिळायचं. विषाची मालकीण आज पहिल्यांदाच भेटली… आणि तिला सांभाळणारा प्राण्यांचा डॉक्टरही.

बाटली संपली होती, म्हणून ती रोज तळमजल्यावर जाऊ लागली. राणी कात टाकणार आहे, आत्ता विष काढायचं नाही, असं तो रोज सांगायचा. तेवढं फोनवरही विचारता आलं असतं म्हणा!

एका दुपारी पाहते तर राणी उताणी, पाय आखडलेले.

"गेली?"

"कात टाकतेय," तो हळूच म्हणाला. "बसा, बघण्यासारखं असतं."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. जुन्या कातीतून एकेक पाय मोज्यातून निघावा तसा बाहेर येत होता. तिने नकळत त्याची बाही धरली – त्याने हात हलवलासुद्धा नाही.

राणीला सावरायला वेळ लागणार होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विषासाठी तगादा लावला, तर तिनेच त्यांना स्पष्ट सांगितलं की प्रयोग थांबेल, पण राणीला त्रास द्यायचा नाही. सर काही दिवस गाल फुगवून होते. डॉक्टरला हे कळलं आणि त्या दिवशी त्याने तिच्यासाठी कॉफी आणून ठेवली.

पुढे विष मिळालं. रेणू पेशीवर सोडताच पडद्यावरची उसळती रेघ सपाट झाली. ती धावतच खाली गेली.

"दार बंद झालं!"

तो मनापासून हसला, मग जरा अडखळला. "म्हणजे आता… काय कारण काढून याल?"

"कारण काढायला मी दमले. मला तुम्ही आवडता."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग… 'तू' म्हण ना."

संध्याकाळी तिने आईला फोन केला. मुलगा काय करतो, आईने विचारलं. कोळी सांभाळतो, ती म्हणाली. आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"बरं," आई अखेर म्हणाली, "घेऊन ये. पण एकट्यालाच."