राणीसावरगावची राजेश्री

राजेश्री परभणीला वसमत रोडवर राहायची, शाळेत शिकवायची. तिचे वडील, चंद्रभान अण्णा, राणीसावरगावला एकटेच होते. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली, तेव्हापासून शेजारच्या केशरबाई त्यांना भाकरी करून द्यायच्या.

"कधी येतीस?" अण्णा फोनवर विचारायचे.

"येते की रविवारी," ती म्हणायची. पोळा गेला, दिवाळीही गेली. कधी पेपर तपासायचे असत, कधी पाहुणे येत. खरं तर त्या खोलीतला मुताचा वास तिला सोसत नव्हता. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मग अण्णांनी विचारणंच सोडलं. आवाजही खुलला. "मजेत हाय मी," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. त्या खुशालीनं तिची झोप उडाली. शेवटी एका सकाळी तिनं एसटी धरली.

गंगाखेड सुटलं, काळी रानं मागं पडली, डोंगर सुरू झाले. गावात उतरून ती गल्लीत शिरली, तर केशरबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या.

"आगं, आत्ता तर धुनं घेऊन वढ्याला गेलीस. हिकडून कशी आलीस?"

राजेश्री हसली. "काकू, मी आत्ता परभणीहून यायलेय."

केशरबाई हसल्या नाहीत. तिच्या कोऱ्या साडीकडं, चपलांकडं बघत राहिल्या. मग सूप तिथंच टाकून घरात गेल्या आणि आतून कडी लावली.

अण्णांच्या खोलीत वास नव्हता. जमीन सारवलेली, गोधडी धुतलेली. अण्णांची दाढी केलेली, गाल भरलेले. चुलीवर वरण शिजत होतं. परातीत मळलेल्या पिठावर बोटं उमटली होती. राजेश्रीनं नकळत आपली बोटं त्यांवर ठेवली. नेमकी बसली.

अण्णांनी डोळे उघडले. तिला निरखून पाहिलं.

"बाई, तुमी कोन?"

"अण्णा, मी..."

"माझी लेक येईल इतक्यात. लय करती माझं. आधी येत नव्हती. आता जातच न्हाई."

तिला रडू यायला हवं होतं. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच तिला शरम वाटली.

अंगणात बांगड्या वाजल्या. बादली टेकल्याचा आवाज आला.

राजेश्री मागच्या दारानं बाहेर पडली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"कोन आलं व्हतं, अण्णा?" आवाज तिचाच होता.

"कोन की. शहरातली बाई व्हती कुनी."

राजेश्री मनात परतीच्या एसटीची वेळ आठवत होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, अगदी कानाशी, तोच आवाज मायेनं म्हणाला,

"जा बाई. गाडी चुकंल तुझी."