चित्रफितीतला हात

“जस्ट आवर हाउस हेल्प, सर!”

देवांशचे ते हसत उच्चारलेले शब्द स्वयंपाकघराच्या बंद दाराआडून यामिनीच्या कानांवर पडले आणि हातातली ओली चादर तशीच खाली गळून पडली... कामवाली! सासूबाई गेल्या तेव्हा ज्या जेमतेम तीन वर्षांच्या दिराला तिने पोटाशी धरलं, ज्याच्यासाठी शाळेतली नुकती लागलेली नोकरी सोडली, ज्याच्या तापांत, परीक्षांत, हट्टांत आपलं तारुण्य कधी सरलं हेही जिला कळलं नाही, ती आज त्याच्याच तोंडून कामवाली झाली होती!

दाराआड बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेची व्हिडिओ मुलाखत चालली होती. अवकाशात भरकटणारे निकामी उपग्रह पकडून आणणारा यांत्रिक हात बनवायचा, जन्मभर तेच काम करायचं, हे देवांशचं स्वप्न. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात त्याने तसा एक छोटा हात बनवलाही होता. पण त्याची परीक्षा घ्यायला हवा होता अगदी गुळगुळीत, सपाट दगड, ज्यावर वस्तू हवेच्या पातळ थरावर, अवकाशातल्यासारखी, तरंगत राहील. कॉलेजात तशी सोय मिळेना. घरात मात्र यामिनीचा नवाकोरा ग्रॅनाइटचा ओटा होता. वर्षानुवर्षं मागून मागून मिळालेला तो ओटा तिने एका शब्दात त्याला देऊन टाकला आणि स्वतः शेगडी डगमगत्या टेबलावर नेऊन स्वयंपाक करू लागली. एवढ्यावरच ती थांबली नाही. रोज दुपारी ती त्याच्यासोबत प्रयोगाला उभी राहायची. बुडाशी हवा सोडणाऱ्या चकत्या लावलेला स्टीलचा डबा म्हणजे त्यांचा उपग्रह. तो किंचितही धक्का न देता, अगदी अलगद सोडायचा आणि मग यंत्राने त्याला गाठून धरायचं. कित्येक महिने तो डबा तिनेच सोडला होता. देवांशने संस्थेला पाठवलेल्या प्रयोगाच्या चित्रफितीत दिसणारा हिरव्या बांगड्यांचा हात तिचा होता, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी नेमकं त्याच हाताबद्दल विचारलं होतं!

दार उघडून देवांश उड्या मारतच बाहेर आला.

“वहिनी! एकदम झकास झालं! उद्या दुपारी लाइव्ह करून दाखवा म्हणाले. बस, तू डबा नेहमीसारखा...”

“मी नाही सोडणार.”

“मतलब?”

“मतलब, एखादी हाउस हेल्प शोध!”

त्याचा चेहरा खाडकन उतरला. “तू ऐकलंस... अगं, ते तर असंच निघून गेलं तोंडातून.”

“असंच?” यामिनी कडाडली. “मग माझं नाव कधी असंच का नाही निघत रे? लाज वाटली नं माझी? बोल नं!”

तेवढ्यात तिचा नवरा भूषण सियागंज बाजारातल्या दुकानातून जेवायला आला. काय झालं ते ऐकून त्याने नेहमीसारखी तिची समजूत काढली. “जाऊ दे नं यामिनी, बच्चा है. त्याच्या करिअरचा सवाल आहे. इतकं केलंस, अजून एक दिवस...”

“तुम्ही तर बोलूच नका! ‘इतकं केलंस’ म्हणे! हे आधी कधी म्हणालात? आज माझी गरज पडली तेव्हा बरं आठवलं!”

भूषणने ताट पुढे ओढलं. देवांश दोनदा तिच्यापाशी आला आणि दोन्ही वेळा तिने पाठ फिरवली. अंतःकरणात नुसता वणवा पेटला होता...

तरीही दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. देवांशसाठी नव्हे! त्या यंत्राची बोटं डब्यावर मिटायची तो क्षण तिचा होता. सगळ्या दिवसात तेवढीच एक घटका तिला स्वतःची वाटायची, आणि हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती घटका ती कुणाच्या उर्मटपणापायी सोडणार नव्हती.

लॅपटॉपच्या पडद्यावर तीन गंभीर चेहरे दिसत होते. चकत्यांना हवा पुरवणारा कंप्रेसर घरघरू लागला. यामिनीने डबा धरला, सोडला... आणि संतापाने ताठरलेल्या बोटांचा त्याला धक्का लागला. डबा गिरक्या घेत भिंतीवर आदळला. यंत्राची बोटं रिकाम्या हवेवर मिटली. दुसऱ्यांदा तर त्याहून वाईट!

“चूक कुठे होते आहे?” मधल्या प्राध्यापकांनी इंग्रजीत विचारलं.

यामिनीने देवांशकडे पाहिलं. आता हा म्हणणार, कामवालीची चूक! म्हण, एकदा म्हणूनच टाक!

देवांशने मान खाली घातली. मग इंग्रजीतच, अडखळत तो म्हणाला, “सर, यंत्रात दोष नाही. काल मी तुमच्याशी खोटं बोललो. या माझ्या वहिनी. घरच्या ओट्यावरचं काम तुम्हाला पोरखेळ वाटेल याची मला भीती वाटली, म्हणून मी यांनाच नाकारलं... या प्रयोगातलं अर्धं काम यांचं आहे, सर. आई म्हणून मला यांचाच चेहरा आठवतो.”



“खरं सांगितलंत, चांगलं केलंत,” प्राध्यापक म्हणाले. “पण या फेरीत यंत्राने पकडलेलं दिसायला हवं होतं. तुमची वेळ संपली.” पडदा काळा झाला.

यामिनीच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले, आणि त्या अश्रूंनी तिचा संताप अधिकच भडकला. “मूर्खा! हे आत्ता सांगायची वेळ होती का? तिसऱ्यांदा सोडू द्यायचं होतंस नं मला!”

“तिसऱ्यांदाही नसतं जमलं, वहिनी... मी तुझा हातच मोडून ठेवला होता.” तो ओट्याला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. “सगळं गेलं आता...”

“काय गेलं? संस्था काय एकच आहे दुनियेत? ऊठ! कंप्रेसर चालू कर.”

“आता कोण बघणार आहे?”

“मी बघणार आहे! चालू कर म्हटलं नं!”

यामिनीने पदराने डोळे पुसले आणि डबा उचलला. राग तसाच होता, पण आता तो हातात उतरत नव्हता. तिने बोटं सैल केली. डबा संथ वळत निघाला, यंत्राचा हात त्याच्या मागे वळला आणि बोटं त्याच्यावर नेमकी मिटली.

देवांशने यंत्राकडे पाहिलंच नाही. तो तिच्या पायांवर कोसळला. “माफ केलंस नं, वहिनी?”

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

“नाही,” ती म्हणाली. “इतक्यात तर नाहीच. पुष्कळ राग आहे अजून, बरेच दिवस पुरेल. पण डबा दुसऱ्या कुणी सोडायचा नाही. मीच सोडणार.”