घुश्याचा लळा

बोगद्यात दरड कोसळून दोन कामगार अडकलेले, आणि यंत्रमानवाला आत सोडायला चित्राआत्याचं बोट काही केल्या पडद्यावर टेकेना! नऊ वर्षांची शलाका बघतच राहिली. यंत्रमानव बनवणारी शास्त्रज्ञ आत्याच. तिनंच का थबकावं?

यंत्रमानव होता मांजराएवढा, सहा पायांचा. मातीत बिळं पाडत जाई म्हणून कामगारांनी त्याचं नाव घुश्या ठेवलेलं, तेही रीतसर बारसं करून, घुगऱ्या वाटून! आता त्यानं हवेची नळी आत पोचवायची होती. पण त्याच्यामागे माती बसणार आणि तो परत येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आत्या, नको ना गं!"

"आत सर्जेराव आणि दिगू आहेत, शलू." आत्यानं बोट टेकवलं. घुश्या तिच्या आवाजाकडे वळला, मग आत शिरला.

नळी पोचली. लगेच पडदा काळा झाला. बाहेर खोदकाम जोरात सुरू झालं, आणि शलाका हमसून हमसून रडू लागली.

"त्याला दुखलं असेल?"

"नाही गं. दुखायला त्याला मनच नाही."

"मग तू का थांबलीस?"

आत्यानं डोळे पुसले. "जे आपणहून हलतं, हाकेला वळतं, ते जिवंत, असं आपला मेंदू विचार करायच्या आधीच ठरवून टाकतो. याला मानवारोपण म्हणतात (निर्जीव वस्तूला माणसासारखं मन आहे असं मानणं). घुश्या वळला तो संवेदकामुळे (आवाज टिपणारा भाग). मीच बसवलाय तो! तरी काळजात चर्र झालं. त्यात आपण त्याला नाव दिलं, रोज पुसलं. ज्याची काळजी घ्यावी त्याचा लळा लागतोच."

"म्हणजे तो लळा खोटा?"

"खोटा कशानं? आपल्याला लागला, म्हणजे खराच. पण तो माणसाच्या जिवाच्या आड येता कामा नये. आज माझे वीस सेकंद गेले, शलू." तिनं मान खाली घातली.

संध्याकाळी दोघांना बाहेर काढलं. चिखलानं माखलेल्या सर्जेरावांनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "आमचा घुश्या कुठाय?"



महिन्याभरानं नवा यंत्रमानव तयार झाला. आत्यानं त्याच्या पाठीवर नुसता आकडा घातला: दोन. "नावच नको. म्हणजे बोट थबकणार नाही."

तेवढ्यात सर्जेराव आणि दिगू हजर, हातात घुगऱ्यांचं पातेलं!

"ठेवू या ना नाव," शलाका म्हणाली. "बोट थबकलं, तर आत कोण आहे ते मी तुला सांगेन."

आत्यानं सर्जेरावांकडे पाहिलं, आणि घुगऱ्यांसाठी ओंजळ पुढे केली.