तांबणीचा तळ

तांबणी नदीचा तळ प्रयोगशाळेच्या फरशीवर पसरला होता आणि डॉ. सुशीला कोपर्डेकर चपला काढून त्यावर येरझाऱ्या घालत होत्या. राळेत ओतलेला हा तळ-साचा म्हणजे नदीच्या गोट्यागोट्याची नक्कल. आज सकाळीच धरणाच्या पायासाठी खरा तळ खोदायला घेणार होते. त्याच्या बदल्यात ही नक्कल खालच्या पात्रात बसवायची होती. नदीतला खरपी मासा संपला, होडीतून केलेल्या पाहणीत एकही दिसला नाही, असा अहवाल आल्यावरच परवानगी मिळाली होती.

"बाई, बसा की जरा," इरफान मुजावर म्हणाला. फोटोंवरून तळ मोजायचं, म्हणजे प्रतिमामापनाचं गणित त्याचं. "साचा केसाएवढाही चुकलेला नाही."

"मग मागच्या आठवड्याच्या मापाशी जुळत का नाही?"

"काही दगड सरकलेत. पाण्यात सरकतातच."

"कुठल्या बाजूला?"

इरफानने पडद्यावर दोन्ही तळ एकावर एक ठेवले आणि तो घुटमळला. "वर. डोंगराकडे."

"बरं. आता दगड चढण चढायला लागले." त्यांना पाय एका जागी ठेववेना. "तुझं यंत्र दगड कशाला म्हणतं, पुन्हा सांग."

"होडीतून एकाच जागेचे पुष्कळ फोटो घेतो. कोन बदलला की फोटोतला ठिपका किती सरकतो, त्यावरून त्याची उंची कळते. मधल्या वेळात जे जागा सोडतं, मासे, पालापाचोळा, ते यंत्र पुसून टाकतं. स्थिर राहील तो तळ."

"होडीला इंजिन होतं?"

"मग काय वल्हवत बसू?"

बाई थबकल्या. आजोळी बायका खरपी धरायला निघाल्या की आधी काठावर पातेली बडवायच्या. लहानग्या सुशीलाला वाटायचं, अशानं मासे पळतील. पण दणदणाट झाला की खरपी होती तिथेच दगडासारखी तळाला चिकटायची, कल्लेसुद्धा मिटून. मग चाचपून उचलायची, टोपलीत टाकायची.

"इरफान, होडीचं इंजिन लावून तुम्ही पातेलंच बडवलंत."

"कसलं पातेलं?"

पण त्यांनी धरणावरच्या ढवण इंजिनिअरांना फोन लावला होता.

"मॅडम, मशीन पात्रात उतरलंय," ढवण ओरडून बोलत होते. "मासा असता तर एव्हाना पळाला असता. मी स्वतः गुडघाभर पाण्यात उभा आहे. इथे काही म्हणजे काही हलत नाहीये."

"म्हणूनच म्हणते. मशीन बंद करा. आणि तुम्हीही हलू नका."

"परवानगीवर सही तुमचीच आहे ना?"

"माझीच. बंद करा."

घरघर थांबली. नुसतं पाणी ऐकू येत राहिलं. फोन कटला असावा, असं इरफान पुटपुटला. बाईंनी त्याला हातानेच गप्प केलं.

मग ढवणांचा आवाज आला, श्वासाएवढा हळू.

"मॅडम, माझ्या पावलावरून आत्ता एक दगड गेला."